कळपातला कोणता कुत्रा द्यायचा?

फेब्रुवारी 2021मध्ये वेल्समधल्या एका ऑनलाइन लिलावात किम नावाची एक वर्षाची कुत्री 27,100 पौंडांना विकली गेली. त्या वेळच्या दराने ही रक्कम 27 लाख रुपयांच्या घरात जाते. किम बॉर्डर कॉली जातीची होती आणि मेंढ्यांचा कळप हवा तिकडे वळवायला शिकलेली होती. नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यात शेळ्यांमागे फिरणाऱ्या कुत्र्याला असा भाव कोणी सांगत नाही. कुत्री व्याली की शेजारचा येऊन ‘माह्यासाठी एक ठेवजो भाऊ’ म्हणून जातो आणि महिन्याभराने पिल्लू काखेत मारून नेतो. व्यवहार तिथेच संपतो. पण तो व्यवहार चुकला तर त्याची किंमत शेळीवाल्यालाच मोजावी लागते. कामाचा कुत्रा गेलेला असतो आणि नको तो दारात उरलेला असतो.

पाळीव जनावरांसोबत काम करणारे कुत्रे दोन प्रकारचे असतात. त्यांची गल्लत झाली की पुढचा सगळा हिशेब चुकतो. एक कळप हाकणारा. तो मेंढ्यांवर डोळा रोखतो, दबकत जातो, पाठलाग करतो, पण चावत नाही. लांडगा ज्या पद्धतीने शिकार करतो, तिचा शेवटचा भाग माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून त्याच्यातून काढून टाकला. वेल्समधल्या बाला गावी 1873मध्ये अशा कुत्र्यांच्या कामाची चाचणी-स्पर्धा झाली. पुढे 1893मध्ये इंग्लंडच्या उत्तर सीमेवर जन्मलेल्या ‘ओल्ड हेम्प’ नावाच्या एका कुत्र्याला आजच्या बॉर्डर कॉलींचा मूळपुरुष मानतात. हेम्प शांतपणे, न भुंकता, नुसत्या नजरेने मेंढ्या हलवायचा, म्हणून लोक त्याचीच पिल्लं मागू लागले. तिथे कुत्रा विकताना प्रश्न सोपा असतो. मैदानात सोडा, शीळ घाला, काय करतो ते बघा आणि बोली लावा.

दुसरा प्रकार राखणदाराचा. त्याने कळप हलवायचा नसतो, कळपात राहायचं असतं. शेळी पळाली तर त्याला तिच्यामागे धावावंसंच वाटता कामा नये. महाराष्ट्रातल्या धनगर वाड्यांसोबत दिवाळीनंतर कोकणाकडे चालत जाणारे कुत्रे या प्रकारचे. हिमाचलातल्या गद्दी मेंढपाळांचे केसाळ, गळ्यात काट्यांचा लोखंडी पट्टा घातलेले कुत्रेही याच प्रकारचे. त्या गद्दी जातीची 2025मध्ये देशी जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. आपल्याकडे कळप हाकायला माणूस असतो. त्याची हाळी आणि काठी पुरते. आखरावरून गावाचं गोहन घेऊन निघणाऱ्या गायकीला गाई वळवण्यासाठी कुत्र्याची गरज कधी भासली नाही. गरज आहे ती संध्याकाळी, झुडपातून काहीतरी येतंय हे सांगणाऱ्याची.

कुहीत ही गरज वाढली आहे, आणि त्याची कारणं आकड्यांत दिसतात. 2012 आणि 2019च्या पशुगणनांच्या दरम्यान राज्यातलं गोधन सुमारे 10 टक्क्यांनी घटलं, शेळ्या मात्र 25 टक्क्यांच्या आसपास वाढल्या. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली तालुक्यातल्या कित्येक गावांची शिवारं आणि चराईच्या जागा गेल्या. उरलेल्या चराईची एक बाजू उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याला लागून आहे. नागपूर जिल्ह्यातले उमरेड, कुही, भिवापूर आणि भंडाऱ्यातला पवनी अशा तालुक्यांत पसरलेलं हे अभयारण्य 2016मध्ये बेपत्ता झालेल्या ‘जय’ वाघामुळे देशभर माहीत झालं. जय गेला, पण वाघ आणि बिबटे आहेतच. वन्य प्राण्याने गाय, म्हैस, बैल, मेंढी किंवा बकरी मारली तर वन विभाग भरपाई देतो. कुत्रा गेला तर मालक खड्डा खणतो आणि गप्प बसतो.

मग घरात दोन मोठे कुत्रे आणि खाली पाच-सहा पिल्लं असताना ठेवायचं कोणतं? बहुतेक जण ज्याची छाती रुंद, आवाज मोठा आणि जो अनोळखी माणसावर धावून जातो तो ठेवतात. जो बुजरा, गुपचूप शेळ्यांमध्ये पडून राहतो, तो देऊन टाकतात. हा निवाडा बहुधा उलटा असतो.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पशायर कॉलेजमध्ये रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या दांपत्याने 1970च्या दशकाच्या अखेरीस राखणदार कुत्र्यांचा एक प्रकल्प सुरू केला. तुर्कस्तान, इटली, युगोस्लाव्हिया इथून त्यांनी मेंढपाळांचे कुत्रे आणले आणि अमेरिकी शेतकऱ्यांकडे दिले. कोणता कुत्रा कुठे टिकला, कोणता परत आला, याच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या. त्यातून त्यांनी तीन कसोट्या काढल्या, आणि त्या तीन ठरावीक क्रमाने लावायच्या असतात. कुत्रा जनावरांपाशी राहतो का, जनावरांना इजा करत नाही ना, आणि शेवटी, संकट आलं तर आडवा येतो का. शौर्याचा नंबर तिसरा आहे, हे इथे मुद्दाम सांगायला हवं.

पहिली कसोटी लावायला तज्ज्ञ लागत नाही. दुपारी शेळ्या पळसाच्या सावलीत रवंथ करत बसल्या की कुत्रा कुठे बसतो ते बघावं. शेळ्यांच्या मध्ये किंवा कडेला बसला, त्या उठल्या की उठला, तर तो कळपाचा. राखणारा माणूस जेवायला घरी निघाला आणि कुत्राही शेपूट हलवत मागे आला, तर तो माणसाचा. असा कुत्रा वाईट नाही. तो अंगणाचा कुत्रा आहे आणि अंगणातच द्यावा. कुही-मांढळच्या पट्ट्यात मिरचीचे सातरे आहेत. रात्री तिथे लाल मिरचीचे ढीग पडलेले असतात. माणसाला चिकटून राहणारा, अनोळखी पावलावर भुंकणारा कुत्रा तिथे सोन्यासारखा. शेळ्यांमागे मात्र तो फक्त भाकरी खातो.

दुसऱ्या कसोटीत मालक घाई करतात. चार महिन्यांपासून वर्षापर्यंतचा कुत्रा पोरसवदा असतो. करडाच्या मागे पळतो, कान धरतो, शेपूट ओढतो, आणि कधी खेळता खेळता करडू मारूनही टाकतो. पहिलं करडू मेलं की ‘याला रक्ताची चटक लागली’ म्हणून कुत्रा हाकलला जातो. खरं तर राखणदार कुत्र्याला पोक्तपणा यायला दीड-दोन वर्षं लागतात. तोपर्यंत त्याला करडांजवळ एकटं सोडायचं नाही, मोठ्या, शिंगं उगारणाऱ्या शेळ्यांमध्ये ठेवायचं. एखादी खमकी शेळी दोन ढुशांत जे शिकवते ते माणसाला काठीने शिकवता येत नाही. दोन वर्षं उलटल्यावरही तो पळत्या शेळीवर झेप घेत असेल, तर मात्र निर्णय लांबवू नये. आणि असा कुत्रा दुसऱ्या शेळीवाल्याला देऊ नये. हे सांगण्याची वेळ येते, कारण गावोगावी नेमकं हेच होतं. आपल्याकडची खोड न सांगता ती दुसऱ्याच्या दावणीला बांधली जाते.

तिसरी कसोटी कुहीत वेगळ्या नजरेने बघावी लागते. कॉपिंजरांचे कुत्रे कायोटी आणि लांडग्यांपासून मेंढ्या राखत होते. तिथे शिकाऱ्याचा डाव मोडायला बहुधा भुंकणं आणि मध्ये उभं राहणं पुरतं, झुंज क्वचितच होते. सोलापूर-पुण्याच्या माळावर धनगराच्या कुत्र्यासमोर लांडगा असतो, तिथेही हे चालतं. पण बिबट्याला कुत्रा हा अडथळा वाटत नाही, जेवण वाटतं. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने 87 टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला. त्यातही सर्वांत मोठा, 39 टक्के, वाटा कुत्र्यांचा होता. शेळ्या कितीतरी मागे होत्या. वाघासमोर तर कुत्र्याच्या शौर्याला काही अर्थच उरत नाही.

म्हणून कऱ्हांडल्याच्या बाजूच्या गावात ठेवायचा कुत्रा तो, जो लवकर ओळखतो, मोठ्याने भुंकतो आणि भुंकत माणसाकडे मागे सरतो. एकटाच झुडपात घुसणारा कुत्रा फार दिवस टिकत नाही. शिवाय चवताळलेलं जनावर त्याच्यामागून थेट राखणाऱ्यावर येण्याचा धोका असतो. असा निधड्या छातीचा कुत्रा द्यायचाच असेल तर वैनगंगेकडच्या धानाच्या मोकळ्या पट्ट्यातल्या शेळीवाल्याला द्यावा. तिथे कोल्हा, मोकाट कुत्री आणि चोर यांच्याशी गाठ आहे आणि तिथे हाच कुत्रा शोभतो.

जंगलाकाठी आणखी एका कुत्र्याला जागा नाही, तो म्हणजे सशामागे, चितळाच्या पाडसामागे पळणारा. त्याचा मालक बहुधा त्याच्यावर खूश असतो, कारण कधीमधी घरात शिकार येते. पण तो पळाला की शेळ्या उघड्या पडतात, हा झाला सरळ तोटा. दुसरा तोटा वन्यजीवांचा. भारतातल्या कुत्र्यांनी कोणकोणत्या वन्य प्राण्यांवर हल्ले केले याची 2018मध्ये प्रसिद्ध झालेली एक पाहणी आहे. तिच्यात 80 प्रजातींची नावं आहेत आणि त्यांतल्या 31 संकटग्रस्त आहेत. स्पेनमध्ये मेंढपाळ अशा कुत्र्याच्या गळ्यात लाकडाचा दांडा अडकवतात. ओढाळ गुराच्या गळ्यात आपल्याकडे लोढणं बांधतात तसंच ते. चालता येतं, पण धावलं की दांडा पायांत येतो. काही महिन्यांत खोड गेली तर ठीक, नाही तर त्याला जंगलापासून लांब, कुंपण असलेल्या जागी पाठवणं बरं.

आता पिल्लांकडे वळू. मोठ्या कुत्र्याचं वागणं तरी दिसतं, महिन्याच्या पिल्लात काय बघणार? बैलबाजारात खोंडाचे दात, खूर आणि भोवरे बघून सौदा करणारा माणूस पिल्लाचेही पंजे आणि नखं मोजत बसतो. त्यातून काही कळत नाही. पिल्लू कुठे जन्मलं आणि कोणात वाढलं, हे विचारावं. चार्ल्स डार्विन 1833मध्ये आजच्या उरुग्वेतल्या माळरानावर फिरत होता, तेव्हा तिथले मेंढ्यांचे कुत्रे बघून तो थक्क झाला. माणूस काही मैल लांब असला तरी एकदोन कुत्रे मोठा कळप सांभाळत होते. त्याने त्यांची रीत विचारली. पिल्लू अगदी लहान असताना आईपासून काढायचं, दिवसातून तीन-चारदा मेंढी धरून तिचं दूध पाजायचं, मेंढवाड्यात लोकरीचं अंथरूण द्यायचं, आणि इतर कुत्र्यांशी वा घरातल्या पोरांशी खेळू द्यायचं नाही. बहुतेकदा त्याला खच्चीही करत. अशा कुत्र्याला मेंढ्या हेच आपलं कुटुंब वाटू लागतं.

पुढे विसाव्या शतकात स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिलं की कुत्र्याचं पिल्लू साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात आपले सोबती कोण हे ठरवतं. राखणदाराच्या बाबतीत ही मुदत फार तर चार महिन्यांपर्यंत ताणता येते. नंतर शिकवणं अशक्य होत नाही, पण फार जड जातं. याचा व्यवहारातला अर्थ असा की शेळ्यांच्या गोठ्यात जन्मलेलं आणि तिथेच आठ आठवडे आईपाशी राहिलेलं पिल्लू सर्वांत चांगलं. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला 2017च्या केंद्रीय नियमांनीही मनाई आहे, आणि तो नियम बाजूला ठेवला तरी शहाणपण तेच सांगतं. फार लवकर तोडलेलं पिल्लू इतर कुत्र्यांशी वागायला शिकत नाही. नवव्या आठवड्यात ते नव्या मालकाच्या शेळ्यांमध्ये गेलं की मुदतीतले चार-सहा आठवडे हातात उरतात. पोरांच्या हौसेखातर ते आधी घरात वाढवलं आणि सहाव्या महिन्यात शेळ्यांमागे धाडलं, तर दोष पिल्लाला देऊ नये.

भाऊबंदांतही फरक असतो. भाकरी टाकली की सगळ्यांना रेटून पुढे येणारं, हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर झडप घालणारं पिल्लू पाहुण्यांना आवडतं. शेळी हुंगायला आली की मान खाली घालून, नजर चुकवून शांत पडणारं पिल्लू कोणी मागत नाही. शेळीवाल्याने ते ठेवावं, पहिलं खुशाल द्यावं.

मादी पिल्लांचं काय होतं, यावर गावात फारसं बोललं जात नाही. मागणी नराला. मादी पोत्यात घालून बाजाराच्या दिवशी दूर सोडली जाते आणि मग तीच मोकाट टोळी शेळ्यांवर येते. राखणीच्या कामात मादी नरापेक्षा उणी नसते. उलट ती भटकत कमी जाते. अडचण विण्याची असेल तर शस्त्रक्रिया हा त्यावरचा उपाय आहे, आणि तो नरालाही लागू आहे. नसबंदी न झालेले कुत्रे रानात फिरल्याने काय होतं याचा पुरावा पुणे जिल्ह्यात मिळाला. सासवडच्या परिसरात दिसलेल्या पिवळसर रंगाच्या लांडग्यांच्या जनुकांची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यात कुत्र्याचा संकर असल्याचं निष्पन्न झालं. एका शेळीवाल्याला दोन, फार तर तीन कुत्रे पुरतात. त्याहून जास्त झाले की त्यांची टोळी होते, आणि टोळी शेळ्यांपाशी थांबत नाही.

कुत्रा देण्याआधी त्याचं पोट साफ करून द्यावं, हे वाक्य विनोदी वाटेल, पण मेंढी-शेळीवाल्यासाठी ते महत्त्वाचं आहे. मेलेल्या जनावराचं डोकं आणि आतडी कुत्र्यापुढे टाकायची सवय सगळीकडे आहे. त्यातून कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी वाढतात, त्यांची अंडी विष्ठेवाटे चराईत पडतात आणि शेळ्या-मेंढ्यांच्या पोटात जातात. त्यांतल्या एका जातीच्या अळीची गाठ मेंढीच्या मेंदूत होते. मेंढी एकाच जागी गरगर फिरू लागते आणि मरते. दुसऱ्या एका जातीच्या गाठी माणसाच्या यकृतात होतात. म्हणजे नव्या मालकाकडे राखणदार जातो आणि सोबत रोगही जातो. जंताचं औषध स्वस्त आहे. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात द्यायची, आणि डिस्टेंपर व पार्व्होची त्याआधी सुरू करायची. डिस्टेंपर तर वाघ-सिंहांनाही होतो. 2018मध्ये गीरच्या सिंहांमध्ये या विषाणूने मृत्यू झाले. अभयारण्याला खेटून राहणाऱ्या कुत्र्याची लस ही म्हणूनच फक्त मालकाच्या घरची बाब उरत नाही. नागपूरला 1958पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि तालुक्याच्या ठिकाणी सरकारी दवाखानाही असतो.

घेणाऱ्याची पारख हा निम्मा निर्णय आहे. नामिबियात चित्त्यांसाठी काम करणारी चीता कन्झर्वेशन फंड ही संस्था 1994पासून शेतकऱ्यांना तुर्की वंशाचे राखणदार कुत्रे देते. शेळ्या वाचल्या की शेतकरी चित्त्याला गोळी घालत नाही, असा त्यामागचा विचार. पिल्लू देऊन ती मोकळी होत नाही. तिची माणसं शेतावर जाऊन कुत्र्याची तब्येत आणि वागणूक बघतात. कुहीत संस्था नसली तरी हे काम शेजारी करू शकतो. घेणाऱ्याकडे शेळ्या किती, रात्री गोठा बंद होतो का, कुत्र्याला रोज काय घालणार, आधीच्या कुत्र्याचं काय झालं, एवढं विचारलं तरी पुरे. रात्री कुत्रा गोठ्याबाहेर साखळीला बांधणार असं उत्तर आलं तर जंगलकाठच्या गावात तो बिबट्याला वाढून ठेवल्यासारखा आहे. अशा माणसाला नाही म्हणावं.

शहरातल्या हौशी माणसाचीही हल्ली भर पडली आहे. मुधोळसारख्या देशी शिकारी जातींची चर्चा वाढल्यापासून ‘गावठी पण रुबाबदार’ कुत्र्याला फ्लॅटमध्ये मागणी आहे आणि दोन-पाच हजार रुपये मिळतात म्हटल्यावर शेळीवाल्याचा हात ढिला होतो. पिल्लू असेल तर हरकत नाही. पण तीन वर्षं शेळ्यांमध्ये वाढलेला कुत्रा तिसऱ्या मजल्यावर नेला की तो रात्रभर भुंकतो, आणि पंधरा दिवसांत रस्त्यावर येतो. पैसे कितीही मिळोत, हा सौदा करू नये.

राहता राहिला म्हातारा. आठ-नऊ वर्षांचा, दात झिजलेला, कळपामागे चालताना मागे पडणारा कुत्रा देण्याचा विचार मनात येतो, कारण एका भाकरीचा वाटेकरी कमी होईल. त्याला घेणारा मिळत नाही, म्हणून तो सोडला जातो. प्राण्याला उपाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणं हा 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे, त्यामुळे कायद्याचा धाक कोणाला वाटत नाही. पण म्हाताऱ्याचा उपयोग संपलेला नसतो. गोठ्यात करडांपाशी त्याला ठेवलं तर नवं पिल्लू त्याच्याकडे बघून निम्मं काम शिकतं. धनगरांच्या घरी चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यातला घास कुत्र्याला जातो, तेव्हा तो तरणा आहे की म्हातारा हे कोणी बघत नाही.

तेव्हा कुहीकडच्या शेळीवाल्यांना एवढीच विनंती. या दिवाळीनंतर कुत्री व्याली तर पहिल्या मागणाऱ्याच्या हातात पिल्लू देऊ नका. आठ आठवडे थांबा, शेळ्यांत त्यांचं वागणं बघा, जंताचं औषध आणि लस द्या. कुत्र्याची खोड असेल ती तोंडावर सांगा, आणि देताना म्हणा, नाही जमलं तर बाजारात सोडजो नको, माह्याकडेच परत आणजो.